कळंबचे घर बंद न ठेवण्याबाबत

मी, नीळकंठ सोनबा रणवरे, वय ७४, निवृत्त टर्नर, राहणार कळंब, तालुका इंदापूर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहितो. पत्नी पद्मा गेल्यापासून मला सुखदुःख फारसे कळत नाही, पण बरेवाईट कळते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. कळंबचे राहते घर स्वकष्टार्जित असून ते पुतणी सोनम हिला देतो. अट एकच. तिने तिथे राहावे, घराला कुलूप लावून ठेवू नये. एकुलता मुलगा विराज याला घर का नाही, ते सांगतो, म्हणजे मागून कोणी कज्जा काढणार नाही.

पद्माच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढले. शेजारी हिंदुराव म्हणाले, "वैनींचा जीव पोरात आडकलाय. विराज, बोल काय तरी." विराज स्कॉटलंडहून आला होता. त्याने हात जोडले. "आई, मी परत येईन. घर बंद पडू देणार नाही." कावळा लगेच शिवला. सगळे रडले. मी आंघोळीला उतरलो.

पुढच्या वर्षी त्याने मला तिकडे नेले. एक दिवस होडीने एका ओसाड बेटावर गेलो. पूर्वी तिथे माणसे मासे आणि मेंढ्यांवर जगत. पोटापाण्यासाठी पोरे बाहेर पडली, मग म्हातारेही उठले. लाकूड मिळत नसे, म्हणून जाताना छपराच्या तुळयाही काढून नेल्या, असे होडीवाला सांगत होता. विराज मला ते मराठीत सांगत होता. उरल्या नुसत्या भिंती. एका घरात चुलीच्या दगडापाशी मेंढी उभी होती. आम्हाला बघून हललीसुद्धा नाही.

तिथेच विराज म्हणाला, "तात्या, मी इथलं नागरिकत्व घेतलंय. पण आपलं घर विकायचं नाही. आईची आठवण आहे. कुलूप लावून ठेवू."

मी "बरं" म्हणालो आणि डब्यातली पोळीभाजी खाल्ली. मला काही वाटले नाही. अजून वाटत नाही. ती मेंढी मात्र आठवते.

सोनम त्या घरात राहिली की आईला दिलेल्या शब्दातून विराज मोकळा झाला, असे मी समजतो. त्यानेही समजावे.

२. पद्माचे दागिने आणि बँकेतील ठेव विराजला. नको म्हणेल, तरी द्यावे.

३. माझा पान्यांचा संच हिंदुरावांनी "उद्या देतो" म्हणून नेला आहे. तो त्यांनाच दिला. ज्याला काही मिळते त्याला साक्षीला घेऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून त्यांना घेतले नाही. त्यावरून ते रुसले आहेत.

४. माझ्या दहाव्याला विराज आला तर आला. कावळा शिवला नाही तर त्याला पिंडापुढे उभे करून काही कबूल करून घेऊ नये. हिंदुरावांना तर बोलूच देऊ नये. माझा जीव कशात अडकला ते मला माहीत आहे. मला विराज इथे हवा होता. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा आणि ऊन चढायच्या आत सर्वांनी घरी जावे. सोनमने चहा टाकलेला असेल.

वरील मजकूर पुन्हा वाचून, दोघांच्या समक्ष सही केली.

नीळकंठ सोनबा रणवरे

साक्षीदार:
१. दिग्विजय माऊली खरात, सणसर
२. कुशाबाई अजित भोंग, कळंब

कळंब, ९ डिसेंबर २०२४