पाहुण्यांची टोपी

माधवनगर, सांगली
रविवार, दुपारची चहाची वेळ

प्रिय राणी,

सप्रेम नमस्कार. (तू माझ्याहून जेमतेम महिनाभराने मोठी, पण नमस्कार तू शाळेपासून वसूल करत आली आहेस, म्हणून.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? शेक देतेस ना? घरची सगळी मंडळी खुशाल असतील. शेजारच्या अपेक्षालाही मी विचारलं आहे म्हणून सांग. तिची प्रकृती उत्तमच असणार, ते त्या दिवशी दिसलंच. इकडे मी बरी आहे. नाकाचा शेंडा तेवढा सोलला आहे, त्याबद्दल पुढे येईल.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. तर तुझा चष्मा कधी जागेवर नसतो आणि तुझे मेसेज अपेक्षा तुला वाचून दाखवते, हे तूच मला मोठ्या कौतुकाने सांगितलं आहेस. आणि म्हणशील, वडूजच्या माळावर भटकायला आपण तिघी बरोबरच तर होतो, मग सांगायचं काय राहिलं. राणी, तू बरोबर नव्हतीस. तू पुढे होतीस, अपेक्षाबरोबर. मागे काय काय झालं ते मला आणि त्या टोपीलाच माहीत.

मी वडूजच्या स्टँडवर एसटीतून उतरले तेव्हा आधी तू दिसलीच नाहीस. दोन टोप्या दिसल्या. एकसारख्या, मातकट रंगाच्या, चहूबाजूंनी ताटाएवढी कड, हवा खेळायला दोन्ही अंगांना जाळी आणि हनुवटीखाली दोरी. त्यातल्या एकीखालून तू हसलीस. माझ्या हातात माझी छत्री होती. अपेक्षाने ती अलगद काढून घेतली आणि गाडीत टाकली. म्हणाली, डोंगरात छत्री चालत नाही काकू. (तू ताई आणि मी काकू. आपण दोघी एका बाकावरच्या.) मग तिने डिकीतून तिसरी टोपी काढली, झटकली आणि म्हणाली, "ही घाला, पाहुण्यांसाठी ठेवलेली असते." मला वाटलं तू काहीतरी बोलशील. तू बुटाची नाडी बांधत होतीस.

आपल्या गॅदरिंगचा शेतकरी नाच तुला आठवतो का? शाळेच्या पेटीत गवती टोपी एकच होती आणि शेतकरी आपण दोघी. पहिल्या कडव्याला तू घालायचीस, मग पडद्यामागे पळत येऊन माझ्या डोक्यावर ठेवायचीस. ती कोमट असायची, तुझ्या खोबरेल तेलाचा वास असलेला तो कोमटपणा मला अजून आठवतो. पाहुण्यांच्या टोपीला कोणाच्याच डोक्याचा वास नव्हता. डिकीचा होता.

पण मी अन्याय करणार नाही. आपल्याला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तसं शिकवलेलं नाही. उन्हाचं म्हणशील तर टोपी चांगली. मान, कान, खांदे, सगळीकडे सावली. नाक सोललं त्यात टोपीचा दोष नाही. चढावर तुम्ही दोघी कुठवर गेलात हे बघायला दर वळणावर मान वर करावी लागायची आणि ऊन नेमकं तिथेच बसायचं. (जी पुढे चालते तिला हा त्रास होत नसावा.) वाऱ्याचं मात्र विचारू नकोस. त्या उघड्या माळावर वारा सुटला की पुढची कड उलटी होऊन कपाळाला चिकटायची, नाहीतर टोपी मागे उडून गळ्यातल्या दोरीला लोंबकळायची आणि मी शेळीसारखी मागे ओढली जायचे. तुझीही टोपी एकदा उडाली. अपेक्षाने धावत येऊन ती तुझ्या डोक्यावर बसवली आणि हनुवटीखालची दोरी स्वतःच्या हाताने ओढून घट्ट केली. मी लांबून बघितलं. सात वर्षं तुझ्या वेण्यांच्या रिबिनी मी बांधल्या, पण ते असो.

मग मी कड खाली ओढून घट्ट धरली. त्याने असं होतं की आपल्याला आपले बूट आणि हातभर जमीन एवढंच दिसतं. बाभळ दिसत नाही. बाभळीने माझी टोपी डाव्या अंगाने धरली, मी ओढली, आणि जाळी चार बोटं फाटली. मी हे कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्याची वस्तू, त्यातून अपेक्षाची. मी फाटकी बाजू मागे फिरवली आणि उरलेला वेळ तुमच्या पुढे जायचं टाळलं, म्हणजे तेवढं तरी माझ्या हातात होतं.

दुपारी सावलीत बसलो तेव्हा मी सांगलीहून आणलेलं भडंग काढलं. (पाकीट नव्हे, घरी केलेलं, लसूण जास्त, तुला आवडतो तसा.) ताटल्या कोणीच आणल्या नव्हत्या. तू तुझी टोपी उलटी करून पुढे धरलीस, मी ती भरली, आणि अपेक्षाने सरळ तुझ्या टोपीत हात घातला. तुला त्यात काही वाटलं नाही. मी माझं भडंग डब्याच्या झाकणात खाल्लं.

आता संध्याकाळचं. मनुबाईच्या शेतात आपण तंबू लावले, एक तुमचा दोघींचा आणि एक माझा. मनुबाई ज्वारीच्या कडेला कमरेवर हात ठेवून मजा बघत होती. तिने तुमच्या दोन टोप्या निरखल्या आणि विचारलं, ह्या दोघी जावा-जावा का. अपेक्षा हसून म्हणाली, तसंच समजा. मग मनुबाईने माझ्याकडे बोट केलं, "आन् ह्या कोन?" अपेक्षा म्हणाली, "त्या आमच्या पाहुण्या." राणी, तू तेव्हा पाणी पीत होतीस हे मला मान्य आहे. पण घोट गिळून बोलता येतं.

त्यानंतर तुमच्या तंबूतून हसणं ऐकू येत होतं आणि मी टोपी तोंडावर घेऊन पडले होते. त्या कामाला ती उत्तम आहे. आतलं कोणाला काही दिसत नाही.

सकाळचं तुला माहीत आहे, तरी मी लिहिणार, कारण मला ते लिहून बघायचं आहे. आपण तंबू गुंडाळत असताना मनुबाई सूप घेऊन आली. तांदूळ, तीन नारळ, तीन खण. बायका वस्तीला राहिल्या आणि तशाच गेल्या असं तिच्या घरात कधी झालं नव्हतं. पण ओटी भरायची कशात? तुम्ही दोघी टी-शर्ट-पँटमध्ये, मी सुनेच्या ट्रॅकसूटमध्ये, तिघींत मिळून एक पदर नाही. मनुबाईने आपल्याला खालून वर बघितलं आणि म्हणाली, "टोप्या काढा की. पदर बी डोक्यावरचाच, आन् टोपी बी डोक्यावरचीच."

तुझी भरली. अपेक्षाची भरली. मी माझी पुढे धरली आणि फाटलेली जाळी तळव्याने झाकली. खण बसला, नारळ बसला, पण मनुबाईची ओंजळ मोठी. तांदूळ माझ्या बोटांमधून गळायला लागले. त्या शांत माळावर त्यांचा मातीत पडल्याचा आवाजसुद्धा आला. मनुबाईचा चेहरा पडला. अपेक्षाला जाळी दिसली. मला त्या वेळी बाभळीने माझंच काहीतरी फाडलं असतं तर बरं, असं वाटलं.

आणि मग तू तुझी भरलेली टोपी माझ्या टोपीखाली धरलीस. म्हणालीस, "अंजू, ओत सगळं माझ्यात."

मी ओतलं. दोन नारळ, दोन खण, तुझे-माझे तांदूळ एकत्र. मनुबाई खाली बसून सांडलेले दाणे वेचून तुझ्या टोपीत टाकायला लागली. अपेक्षाही बसली. (तिने खडे बाजूला करून एकेक दाणा वेचला, हे मी लिहून ठेवते.) मनुबाई तिला म्हणाली, "पाव्हणी म्हनं. पाव्हणीची वटी कुनी आपल्या टोपीत घेतं व्हय?" अपेक्षा खाली मान घालून दाणे वेचत राहिली. मला दोरीची गाठ सोडवायची होती. मग मनुबाई आपल्याला म्हणाली, आता कुठला दाणा कुणाचा कळायचा नाही, दोघींनी एका ताटात खा, तिसऱ्याला द्यायचा नाही.

वडूजच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागलेलीच होती, त्यामुळे निरोप घाईत झाला. तू अपेक्षाच्या गाडीच्या खिडकीतून हात हलवलास. तुझ्या मांडीवर आपली टोपी होती.

तर टोपीबद्दल माझं एकूण मत असं की ती वाऱ्याला वाईट, बाभळीला वाईट, समोरचं काही दिसू देत नाही, आणि आपल्या वयाच्या बाईने पदर किंवा छत्री सोडू नये. घरी सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद.

तुझीच,
अंजू

ता. क. ती टोपी घाईत माझ्या डोक्यावरच राहिली. जाळी मी रफू केली आहे. शिवणाच्या सिस्टरांनी बघायला हवं होतं, रफू शोधून सापडत नाही. आत लाल दोऱ्याने माझं नाव घातलं आहे, त्यामुळे आता परत पाठवणं बरं दिसणार नाही. माझी छत्री अपेक्षाच्या गाडीत आहे. ती तिला ठेवू दे, पाहुण्यांसाठी.

ता. क. २. आता मुद्द्याचं. ते तांदूळ शिजवलेले नाहीस ना? घेऊन इकडे ये. आपण दुधात शिजवू, गूळ घालू आणि एका ताटात खाऊ. मनुबाईचं सांगणं मोडायचं नाही.

ता. क. ३. "तिसऱ्याला द्यायचा नाही" हे मनुबाई म्हणाली की मीच म्हणाले, ते आता नीट आठवत नाही. अपेक्षाला आणायचं असेल तर आण. तिच्यासाठी मी बासमतीचा वेगळा भात लावीन. पाहुणीला आपण काही कमी करत नाही.