हात जड होईपर्यंत

भूम. माघातला रविवार.

सकाळी पंख उलटा करून लाकडी घोडीवर घट्ट बांधला. वर सोयाबीनचे भरलेले कट्टे लादले. चहा होईपर्यंत तसेच राहू दिले, मग एकेक करून उतरवले. जेवणं उशिरा झाली. कट्टे परत पाठवले आणि बायको तिच्या भावाकडे गेली. आता शेडमध्ये मी एकटाच आहे.

माय,

तुझ्या खव्याच्या भट्टीच्या शेडमध्ये मी विमान बांधतोय. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "अन् भट्टी कुठं हलवलीस?" हलवली नाही. तू गेल्यावर ती पुन्हा पेटलीच नाही. दोन्ही चुली बुजवून मी जमीन सारखी केली, पण वरच्या पत्र्याची काजळी अजून आहे. पंखावर काम करताना कधी कधी तिचा कण पडतो. तो आधी टिपून घ्यायचा आणि मगच पुढचा थर द्यायचा, अशी माझी सवय झाली आहे.

तू गेलीस तेव्हा आपल्या माळावर पवनचक्क्या नव्हत्या. त्या नंतर आल्या आणि मला पात्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालं. दोराला लोंबकळत मी पहिल्यांदा एका फुटलेल्या पात्यात डोकावलो. एवढं मोठं पातं, लोखंडाचंच असणार असं मला वाटत होतं. आत कापड होतं माय. काचेच्या धाग्याचं विणलेलं कापड आणि त्याला पाजलेलं रेझिन, वाळून दगडासारखा होणारा चीक, एवढंच. कापड वारा पेलतं हे मला पचायला काही दिवस लागले. विमानाचा विचार तिथून आला. एका माणसापुरतं, लहान. पवनचक्कीवर ओळख झालेला एक इंजिनिअर मित्र आता पुण्यात असतो. मी रात्रंदिवस आकडे मांडायचो, तो तपासून पाठवायचा. आराखडा कागदावर स्थिर व्हायलाच काही वर्षं गेली.

पंख कसा होतो ते तुला सांगतो, तुला आवडलं असतं. थर्माकोलसारखा हलका फोम तापल्या तारेनं कापून आकार द्यायचा. त्यावर कापड अंथरायचं. कापड पांढरंशुभ्र असतं. डब्यात रेझिन आणि हार्डनर मिसळून ब्रशनं त्यावर पाजलं की पांढरा रंग नाहीसा होतो. कापड तिथंच असतं, पण दिसत नाही, खालचा फोम दिसायला लागतो. दरवेळी हे बघताना मी क्षणभर थांबतो. जिथं रेझिन पोचलं नाही तिथं पांढरं राहतं, आणि ती जागा कच्ची.

पहिला पंख असाच कच्चा निघाला. वाळल्यावर उजेडात धरला, तर आत हाताच्या पंजाएवढे दोन पांढरे डाग. माल तोच, कापड तेच, थरही बरोबर. कारण सापडायला मला पुष्कळ दिवस लागले. एका सकाळी डबा ढवळताना बायको जवळ उभी होती. ती म्हणाली, "अजून किती ढवळायलाव?" मी म्हणालो, "हात जड होऊ दे की." आणि बोललो तसा माझा हात थांबला.

हे तुझं वाक्य आहे. मी खवा ढवळायचा सराटा हातात धरायला शिकलो तेव्हा तू माझ्या मुठीवर तुझी मूठ ठेवायचीस. दूध आटतंय, जाळ तोंडावर येतोय, माझा खांदा दुखतोय. मी विचारतो, झालं का? तू म्हणतेस, "मला काय इचारतूस? हाताला इचार. हात जड झाला की समजायचं." खव्याचं ते खरं होतं. रेझिनचं उलटं आहे. हात जड होतो तेव्हा ते घट्ट व्हायला लागलेलं असतं, डबा गरम होतो, आणि ते कापडात शिरत नाही. माझा हात तुझ्या हिशोबानं चालत होता आणि मला पत्ताच नव्हता. पुढं बायको घड्याळ घेऊन उभी राहायला लागली. वेळ झाली की काडी हातातून काढून घ्यायची. "बास! खवा न्हाय त्यो."

पण त्या कच्च्या पंखाचं काय करायचं ते ठरत नव्हतं. त्यात दोन वर्षं गेली होती. मित्र फोनवर म्हणाला, बारीक भोकं पाडून आत रेझिन सोडता येईल, बहुतेक धरेल. तात्या, तुझे धाकटे दीर, रोज संध्याकाळी येऊन बसायचे. ते म्हणाले, "वरनं रंग दे की. वर गेल्यावर कोण वाकून बघायलंय?" त्यांनी चेष्टेनं म्हटलं, पण तसं करता आलं असतं.

मला ती श्रावणातली कढई आठवली. बार्शीचा पेढेवाला बाहेर बाजेवर बसलाय, माझे वडील, दादा, त्याला चहा देतायत. तू सराटा वर काढून वास घेतेस. खवा तळाला लागलाय, अगदी थोडा. मीही वास घेतला. मी म्हणालो, साखर पडली की कुणाला कळणार न्हाय. तू माझ्याकडं बघितलंस. ओरडली नाहीस. "तुला कळलं ना? मग झालं." अख्खी कढई तू म्हशीपुढं ओतलीस. पेढेवाला रिकामा गेला, दादा दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत.

मी पंख करवतीनं कापला. तात्या बघत होते. म्हणाले, "तुझ्या मायवर गेलास. तीबी अशीच, म्हशीला खवा चारणारी."

आज नव्यानं केलेल्या दुसऱ्या पंखाची परीक्षा होती. उडताना हवा पंखाला वर उचलते, म्हणून जमिनीवर तो उलटा बांधून त्यावर वजन ठेवायचं असतं. विमान कितीही जोरात वळलं तरी पंखावर येणार नाही एवढं वजन. कट्टे तात्यांच्या घरचे, प्रत्येक पन्नास किलोचा. पंखाच्या टोकाशी भिंतीवर मी पेन्सिलीची खूण केली. वजन काढल्यावर पंख खुणेवर परत आला तर पास. आला नाही, किंवा मोडला, तर तिसरा करायची ताकद माझ्यात नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण बायकोला माहीत असावं, कारण ती सकाळपासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती.

"आडत दुकान मांडलंस व्हय रं?" तात्या म्हणाले. "भाव येईस्तोवर माल इथंच राहू दे."

"तात्या, तुम्ही जरा मागं सरा."

"सरतो. माझं सोयाबीन सांडलं तर भरून देशील का?"

एकेक कट्टा ठेवत गेलो तसा पंख वाकत गेला. शेवटचे ठेवताना टोक खुणेच्या वीतभर खाली होतं. एकदम कट् असा आवाज आला. बायकोनं माझा दंड धरला. मी वाकून बघितलं. घोडीखालची लाकडी पाचर सरकली होती. पंखाला काही नव्हतं. आतल्या आत तो बारीक कुरकुरत होता, नव्या बाजेवर जड माणूस बसावा तसा. मग तेही थांबलं. सहाशे किलो कापडावर उभे होते आणि शेडमध्ये कुणी हलत नव्हतं.

उतरवताना खरं बघण्यासारखं होतं. एक कट्टा उचलला की पंख थोडा वर यायचा. घाई नाही, धक्का नाही. दुसरा उचलला, आणखी वर. शेवटचा तात्यांनी स्वतः उचलला, ह्या वयात, मी नको म्हणत असताना. टोक पेन्सिलीच्या रेघेवर येऊन थांबलं. जिथून निघालं होतं तिथंच. मी हे सगळं आधी गणितात बघितलं होतं. तरी मी रेघेवर बोट ठेवून बघितलं.

"परत आला की रं," तात्या हळू आवाजात म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कट्टे मोजा बरं. एखादा कमी टाकला न्हाय ना?" बायको हसायला लागली, हसता हसता तिनं डोळे पुसले.

अजून पुष्कळ बाकी आहे. इंजिन बसवायचंय, तपासण्या, परवानग्या. उडेल तेव्हा उडेल. हे पत्र कुठं टाकायचं मला माहीत नाही, आणि मी पुन्हा वाचणारही नाही. पण एक गोष्ट बायकोलाही माहीत नाही, ती तुला सांगतो. कामाचं रेझिन मी आता घड्याळावर ढवळतो. मात्र डब्यात थोडं उरतं, फेकायचं, ते मी फेकत नाही. कुणी नसलं की हात जड होईपर्यंत ढवळत राहतो.

मघाशी पंखाची एक कड चिकटवली, त्यातलं चमचाभर उरलंय. लिहिणं थांबवून डबा घेतलाय. काडी अजून सहज फिरतेय. आता थोडी अडायला लागली. डबा कोमट झालाय.