डब्यातला केर

मु. वरसे, रोहा

तीर्थस्वरूप चंद्रावतीताईला धाकट्या गुणाजीचा वाकून नमस्कार. इथे सर्व ठीक. भात घरात आलं, वाल पेरून झाले. भावोजींचा गुडघा कसा आहे? गणपतीच्या कारखान्यात दिवसभर मांडी घालून बसू नका म्हणावं (ऐकणार नाहीत, तरी सांग). फोनच केला असता, पण फोन लावला की शांती शेजारी येऊन बसते, आणि हा विषय तिच्यासमोर काढण्यासारखा नाही.

तर आपली सुरभी पहिल्या दिवाळसणाला आली. जावयाला आपण काहीतरी द्यायचं, तर नितेशरावांनीच उलट आम्हाला केर ओढायचं मशीन आणलं. सासूबाईंची कंबर दुखते म्हणून. लालभडक, चकचकीत, पोटात पिशवी नाही. आरपार दिसणारा डबा आणि आत केर गरगर फिरतोय. जोर म्हणशील तर पहिल्याच दिवशी त्याने समईची वात गिळली, उन्हात घातलेले बियाण्याचे वाल गिळले आणि शेजारच्या विमलबाईंचा पदर धरला. (मी घाबरून बटण बंद करायच्या ऐवजी वाढवलं.) तरी दुसऱ्या दिवशी त्याच बाई आपली चटई घेऊन हजर. डब्यातला केर बघून मात्र फुगल्या. येवढा केर माझ्या चटईत नाय, तुमचाच आदीचा असंल, म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरातला केर बघायला त्या आठवड्यात अर्धं वरसे आमच्या पडवीत येऊन गेलं.

घोटाळा झाला तो पोरगी परत निघाली तेव्हा. रिक्षा वळली, दिसेनाशी झाली. मला हातांचं काय करावं सुचेना, म्हणून मी मशीन लावलं आणि माजघरापासून पडवीपर्यंत सगळं एका दमात ओढून काढलं. शांती आत आली ती कपाळाला हात लावूनच. लेक निघाली की ती पोचेपर्यंत आपल्यात केर काढत नाहीत, हे तुला सांगायला नको. तुझ्या वेळी आई केरसुणी लपवून ठेवायची. "अवो, पोरगी अजून स्टँडवं नाय पोचली, न् तुमी तिच्या पाठीमागं घर झाडलाव? आता ती परत यायची कशी?" मी वकिली केली. म्हटलं, ही केरसुणी नव्हे, आणि केर घराबाहेर गेलाय कुठे? हा बघ, डब्यात. पिशवी असती तर दिसला नसता, ती गोष्ट वेगळी. शांतीने जरा विचार केला. "मंग ऱ्हाऊ दे तसाच. पोरगी येईस्तवर डबा खाली करायचा नाय."

तेव्हापासून मशीन बंद आणि भरलेला डबा देवाच्या शेजारच्या कोनाड्यात. आत सुरभीचा एक लांब केस, साडीची गळलेली टिकली आणि शेंगदाण्यांची सालं. (दाणे हातावर चोळून जमिनीवर फुंकर मारायची सवय लग्न झालं तरी गेली नाही. त्यावरून मी किती ओरडायचो.) घर इतकं स्वच्छ कधी नव्हतं, ताई, आणि मला ते बघवत नाही.

कारखान्यातल्या सगळ्यांना आठवण सांग.

तुझा,
गुणा

ता. क. पोरीचं सासर धरमतरला, तुला जवळ. एकदा सुरभीकडे जाऊन ये. वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भाजून पोपटी लावतोय, दोघांनी राहायलाच या म्हणावं. तिच्या आईला पुन्हा केरसुणी धरावी लागतेय, कंबर फार दुखतेय, असंही सांग. बाबांनी सांगितलं म्हणू नकोस.

ता. ता. क. तुझ्याशी कशाला खोटं बोलू? पोरगी पोचल्याचा फोन आला तेव्हाच शांतीचा राग गेला. ओता तो केर न् लावा मशीन, म्हणून रोज पाठीमागे लागते. डबा माझ्याच्यानेच उघडवत नाही. म्हणून घर हल्ली केरसुणीने मीच झाडतो, आणि कंबर दुखतेय ती माझी.