कंसातला हशा

कोल्हापूर,
ता. ४ ऑक्टोबर १९५९

तीर्थस्वरूप दत्तूकाकांना,
नंदिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

लोकसभेत मंत्री उत्तर देतात तेव्हा ते प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात का? काल ताईने मला हे विचारलं. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले, घरातली पहिली पदवीधर म्हणून अण्णांनी गल्लीत पेढे वाटले, घटनेची कलमं पाठ आहेत. पण माणसं तिथे बोलतात कशी, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तुम्ही खासदार हंबीररावांचे चिटणीस, अधिवेशनात रोज वरच्या सज्जात बसता. तुम्हीच सांगा.

आई गेली त्याच विषमज्वरात नऊ वर्षांच्या ताईचे कान गेले. तेव्हापासून ती आमचे ओठ वाचते, आणि इतकं नीट वाचते की गल्लीतली निम्मी माणसं तिला नुसती घुमी समजतात. रेडिओ लागला की मात्र ती उठून स्वयंपाकघरात जाते. तुम्ही लिहिलंत की दिल्लीत टेलिव्हिजन सुरू झालाय आणि त्यात बोलणाऱ्याचे ओठ हलताना दिसतात. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. सभागृहाचं कामकाज त्या पेटीत दाखवलं, तर ज्यांना ऐकू येत नाही तेही नागरिक म्हणून तिथे हजर राहतील. हंबीररावांनी हे सरकारला विचारावं. प्रश्नाचा मसुदा सोबत जोडला आहे. भाषा सुधारून घ्या.

चूक दिसली तर रागवा, पण उत्तर लांबलचक लिहा. माझ्यावर जीव आहे तेवढा राहू द्या.

तुमची
नंदिनी

---

नवी दिल्ली,
ता. १४ ऑक्टोबर १९५९

चि. नंदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या ताईला सांग, मंत्री कुणाच्याच तोंडाकडे बघत नाहीत. इथे अध्यक्षांना उद्देशून बोलायचा नियम आहे. प्रश्न विचारणाऱ्याला मंत्र्यांचं फार तर कानशील दिसतं. शिवाय प्रमोदिनी ओठ वाचते ते मराठी. इथे इंग्रजी ओठ आणि हिंदी ओठ. तेव्हा लोकशाहीत तिची जागा तूर्त स्वयंपाकघरातच ठीक आहे. रागावू नकोस गं, थट्टा करतो.

टेलिव्हिजन मी दोनदा पाहिला. आठवड्यातून दोनच दिवस असतो आणि एकेका पेटीपुढे अख्खी वस्ती लोटते. परवा पडद्यावर एक डॉक्टर समोर बघून बोलायला लागले, तर पुढच्या चार बायकांनी डोक्यावर पदर घेतला. परका पुरुष रोखून बघतोय म्हणून!

मसुदा मात्र फर्मास आहे. पदवीचे पैसे वसूल. साहेब दोन अधिवेशनं गप्प बसलेत, त्यांना काहीतरी हवंच होतं. नोव्हेंबरात अधिवेशन भरलं की रीतसर सूचना देऊ. फक्त साहेबांना प्रश्नाबरोबर एक गोष्ट लागते. नुसता प्रश्न म्हणजे त्यांना बिनमिठाचा रस्सा वाटतो.

अण्णाने लिहिलंय की प्रमोदिनीला कुरुंदवाडचं स्थळ सांगून आलंय आणि कानांचं तो त्यांना कळवणार नाही. मग पाहण्याचा कार्यक्रम निभावणार कसा? तपशीलवार लिही. दिल्लीत करमणूक फार कमी आहे.

दत्तूकाका

---

कोल्हापूर,
ता. ९ नोव्हेंबर १९५९

ती. स्व. दत्तूकाकांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

ताईचं ठरलं! मुलगा नृसिंह, कुरुंदवाडला हायस्कुलात शिक्षक आहे. वडिलांचं कापडाचं दुकान. लग्न माघात.

कार्यक्रम निभावला तो माझ्यामुळे, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. अण्णांनी पाहुण्यांना खिडकीकडे पाठ करून बसवलं आणि मला त्यांच्या मागे, पोह्यांच्या बशांपाशी उभं केलं. मुलाची आई शालूबाई पान चघळत बोलतात, त्यांचे ओठ वाचणं ताईला जमेना. मग त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न मी मागून नुसत्या ओठांनी परत विचारायचा आणि ताईने शालूबाईंकडे बघून उत्तर द्यायचं. पुरणाला कोणती डाळ, भरतकाम येतं का, गावाकडे करमेल का, सगळं झालं. शालूबाई म्हणाल्या, पोरगी गुणाची हाय, विचारल्याबिगर बोलत न्हाय. मुलाने मोठ्याने काहीच विचारलं नाही. शेवटी ताई एकाएकी लाजून लाल झाली. कशाला, ते मला समजलं नाही.

अण्णांना मी म्हटलं की त्यांना खरं सांगून टाकू. अण्णा म्हणाले, लग्नानंतर ती स्वयंपाकाने त्यांना जिंकेल, मग कळलं तरी चालेल. मी भांडले, पण उपयोग झाला नाही. लोकसभेत प्रश्न विचारायला निघालेली मी, घरात मला एक वाक्य रेटता आलं नाही.

काका, एक कळकळीची विनंती. सभागृहात प्रश्न येईल तेव्हा तो सगळ्या कर्णबधिरांचा म्हणून येऊ दे. ताईचं नाव कुठेही नको. या लग्नात तिचं सगळं आयुष्य आहे. काल ती स्वतःशी गुणगुणत होती. तिचा सूर कुठल्या कुठे जातो, पण मी तिला थांबवलं नाही.

लग्नाला याच, आणि आमच्यावरची माया घेऊन या.

तुमची
नंदिनी

---

नवी दिल्ली,
ता. ३ डिसेंबर १९५९

चि. नंदिनीस अ. उ. आ.

पोरी, तू सभागृह हसवलंस! काल आपला प्रश्न आला. टेलिव्हिजनवर कामकाज दाखवून कर्णबधिर नागरिकांची सोय करण्याचा सरकारचा विचार आहे काय, असा. मंत्र्यांनी एका वाक्यात निकाल लावला, तसा विचार नाही. साहेब उपप्रश्नाला उठले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं की इथे ज्यांना कान आहेत त्यांनाही काही ऐकू येत नाही. हशा पिकला आणि आमच्या साहेबांना चव लागली.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. माझ्याच चिटणिसाच्या घरी कोल्हापूरला दोन पुतण्या आहेत. थोरली ठार बहिरी, धाकटी पदवीधर. थोरलीला पाहायला पाहुणे आले की धाकटी त्यांच्या मागे उभी राहून ओठ हलवते, आणि पाहुणे खूश होऊन सुपारी फोडून जातात! हा आमच्याकडचा टेलिव्हिजन, म्हणाले, आणि सरकारला त्याचा काडीचा खर्च नाही. अध्यक्षांनाही हसू आवरेना. मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी अशा पदवीधर मुली वाढवाव्यात, पेट्या लागणारच नाहीत. पुन्हा हशा.

आपल्याकडच्या वार्ताहराला मी सगळं नीट समजावून दिलंय. दोन्ही ठिकाणी कंसात ‘हशा’ छापायला सांगितलंय, नाहीतर मजा जाते. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आणि तुझी विनंती मी पाळली. प्रमोदिनीचं नाव कुठेही आलेलं नाही.

असाच लोभ ठेव आणि असंच काहीतरी पाठव.

दत्तूकाका

---

कोल्हापूर,
ता. १३ डिसेंबर १९५९

ती. स्व. दत्तूकाकांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि वर्तमानपत्र एकाच सकाळी आलं. हंबीररावांचे चिटणीस तुम्ही आणि तुम्हाला भाऊ एकच, हे कोल्हापुरात कुणाला ठाऊक नाही? दूध घालायला आलेल्या बनाबाईने दारातच विचारलं, दिल्लीत आमच्या ताईसायबांचं नाव निघालं म्हणं, चांगलं निघालं का वंगाळ? मी दुधाचं भांडं पुढे केलं.

रविवारी शालूबाई आल्या. न कळवता, एकट्या. अण्णांनी पुढे होऊन बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी हाताने गप्प केलं. मला अण्णांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून बसवलं. ताईला समोर बसवून घेतलं, तोंडावर पदर ओढला आणि पदराआडून विचारलं, पोरी, तुझं नाव काय? ताई माझे ओठ शोधत असेल, पण तिला दिसत होती फक्त माझी मान. मग तिला आठवलं असेल की मागच्या वेळी पहिला प्रश्न पुरणाचा होता. तिने हसून सांगितलं, हरभऱ्याची डाळ. शालूबाईंनी पुन्हा विचारलं, तुझी आई कशाने गेली? ताई म्हणाली, होय, येतं मला.

त्या असं पाच-सहा वेळा करत राहिल्या. जाताना मात्र पदर खाली करून, एकेक शब्द तोडून ताईला म्हणाल्या, आख्खा देश हसला आमच्यावर. हे वाक्य तिला स्पष्ट दिसेल अशी काळजी त्यांनी घेतली.

मी ताईच्या पायाशी बसले. तिने मला एकच गोष्ट सांगितली. पाहण्याच्या दिवशी नृसिंहने तिच्याकडे बघून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं होतं की मला समजलंय आणि मला चालेल. खोलीभर माणसं होती, ऐकलं फक्त तिने. आईवडिलांना तो सावकाश सांगणार होता. मग ती म्हणाली, नंदे, माझं काय करायचं ते तू सरकारला विचारलंस, मला विचारलं नाहीस.

काका, हे तुम्ही केलंत असं मी म्हणत नाही. तुम्हाला सांगितलं मी. पण कुरुंदवाडला नृसिंहला एकदा लिहा. तो अजून हो म्हणाला तर सगळं सावरेल. तुमच्या शब्दाला वजन आहे.

नंदिनी

---

नवी दिल्ली,
ता. १९ डिसेंबर १९५९

चि. नंदिनीस अ. उ. आ.

किती रडगाणं! मी लिहिण्याआधीच कुरुंदवाडचं पत्र मला आलं, नृसिंहच्या वडिलांचं. माणसं समजूतदार निघाली. लोकांत हसं झालं ते झालं, पण कापड घेतलंय, तिथी धरलीय. त्यांचं म्हणणं, मुहूर्त तोच ठेवू, मुलगी तेवढी बदलू. धाकटी पदवीधर आहे, दोन्ही कान शाबूत आहेत आणि तिचं नाव आता दिल्लीपर्यंत गेलंय. नृसिंहची हरकत नाही. मी मुद्दाम विचारून घेतलं. आईच्या शब्दाबाहेर तो नाही असं त्याने स्वतः लिहिलंय, अक्षर सुरेख आहे.

अण्णाचा होकार आला. कर्ज काढून केलेली खरेदी वाया जात नाही म्हणून बिचारा सुटल्यासारखा झालाय. प्रमोदिनीचं म्हणशील तर घरात अण्णाला कुणीतरी हवंच. आणि तिचा एक मोठा फायदा आहे, लग्नातली वाजंत्री तिला ऐकू येणार नाहीत, म्हणजे वाईट वाटायचं कारण नाही.

साहेब लग्नाला येणार आहेत. अंदाजपत्रकी अधिवेशनात ते टेलिव्हिजनवर पुन्हा बोलणार, आणि त्याच मुलीच्या लग्नात मी स्वतः अक्षता टाकून आलो असं सांगणार. धाकटी-थोरली असला बारकावा तिथे कोण विचारतो! उठ, तयारीला लाग.

आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत.

दत्तूकाका

---

नेसरी,
ता. २९ डिसेंबर १९५९

दत्तूकाकांना,
नंदिनीचा नमस्कार.

पत्ता बदलला आहे, वर लिहिला आहे. अण्णांनी मला कुरुंदवाडचं सांगितलं तेव्हा ताई तिथेच भाकऱ्या थापत होती. अण्णांचे ओठ तिने वाचले. हातातली भाकरी तिने नीट तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग माझ्याकडे बघून डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून मी समोर गेले की ती डोळे मिटते. मी तिचे हात धरले, तिने मिटलेल्या डोळ्यांनी हात सोडवून घेतले. पाटीवर लिहून पुढे धरलं, तर तिने न बघता पाटी पुसली आणि खुंटीला लावली. क्षमा मागायला मला तिचे डोळे हवेत आणि ते ती देत नाही. अण्णांशी बोलते, बनाबाईशी बोलते. माझी चाहूल तिला जमिनीच्या हादऱ्याने कळते. मी उंबऱ्यात पाय ठेवला की पापण्या खाली. निघण्याआधी एकदा ती चुलीपाशी असताना मी आत गेले आणि तिचा हात पोळला. तरी तिने डोळे उघडले नाहीत.

अण्णा म्हणाले, एवढं शिकून घरात हेच आणलंस का? ते खरं आहे.

कुरुंदवाडला मी कळवलं आहे की मला दोन्ही कानांनी सगळं ऐकू आलं आणि माझा नकार आहे. मी त्या मुहूर्तावर उभी राहणार नाही आणि ताईच्या जागी तर कधीच नाही. हंबीररावांनी पुन्हा बोलायचं ठरवलंच, तर एवढी दुरुस्ती त्यांना सांगा.

इथल्या शाळेत शिक्षिकेची जागा रिकामी होती. चोवीस तारखेपासून मी रुजू आहे. शाळेमागे एक खोली मिळाली. सुट्टीतही घरी जाणार नाही, असं अण्णांना सांगून निघाले. निघताना ताई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी पायरी उतरले, गल्लीच्या वळणापर्यंत गेले आणि तिथून लपून पाहिलं. तिने पापण्या उचलल्या, उजेडाकडे बघितलं आणि सूप पुढे ओढलं.

स्वतःच्या घरात तिला डोळे मिटून राहावं लागू नये, म्हणून मी घर सोडलं आहे.

नंदिनी