तिसऱ्या मजल्यावरचा प्रश्न

प्रिय धाकट्या,

फोन हाताशी असताना ताईला पत्र लिहायची हुक्की का आली, असं वाटेल तुला. तर ऐक. परवा तुला फोन केला, माझा आवाज जरा चढला मात्र, लगेच तू कुजबुजलास की ताई, हळू बोल, टिंगू अभ्यासाला बसलाय, आणि ठेवून दिलास. त्याच्या आधीच्या वेळीही तेच. तुमच्या घरात हल्ली शिंकायचीसुद्धा चोरी झाली आहे. टीव्ही माळ्यावर चढला, दारावरची बेल तू काढून ठेवलीस, तुझी बायको स्वतःच्याच घरात मांजरीच्या पावलांनी वावरते. पत्राला आवाज नसतो. तेव्हा मला जेवढं ओरडायचं आहे तेवढं मी इथे ओरडून घेणार आहे, आणि तू मुकाट्यानं शेवटपर्यंत वाचायचं आहेस. अर्ध्यात घडी घालून खिशात कोंबलंस तर याद राख. आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत आत्ता जेवणाची सुट्टी आहे, यंत्रं बंद आहेत, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर पुठ्ठा ठेवून लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर ते पुठ्ठ्यामुळे नाही, रागामुळे.

डॉक्टर काय म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, कारण तपासणीला तू मलाच सोबत नेलं होतंस. हृदयाची झडप आकसली आहे, ती बदलावी लागेल, आणि हे काम लांबणीवर टाकण्यातलं नाही. जिने चढू नका, जड उचलू नका. तारीखही दिली त्यांनी. तू सगळ्याला शहाण्या मुलासारखी मान डोलावलीस, आणि बाहेर आल्यावर म्हणालास की टिंगूची परीक्षा संपली की बघू. शाळेचं शेवटचं वर्ष आहे, मुळातच त्याचं लक्ष नाही, त्यात हे कळलं तर तो पुस्तक बाजूलाच ठेवील. मग तू आणि तुझी बायको एकत्र बसलात, ऑपरेशन दोन महिने पुढे ढकलायचं ठरवलंत, आणि पोराला काही सांगायचं नाही असा माझ्याकडून शब्द घेतलात. मी दिला. तेव्हाच तुझ्या कानाखाली एक ठेवून द्यायला हवी होती.

एवढ्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तू, आणि राहतोस कुठे, तर लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण मला त्याचा राग नाही. राग ह्याचा आहे की हेच काम इतकी वर्षं करून तुला काही कळलं नाही. दोरातून जरा वेगळा आवाज आला की तू लिफ्ट तिथल्या तिथे बंद करतोस. दारावर पाटी लावतोस. लोक अंगावर येतात, कुणाची म्हातारी आई वर अडकलेली असते, कुणाचं सामान यायचं असतं, एक दिवस चालवा हो म्हणून हातापाया पडतात. तू ऐकतोस का? मागे त्या इमारतीचा अध्यक्ष तुला नोकरीवरून काढायची धमकी देत होता, तर तू किल्ली खिशात टाकून सरळ चहाला निघून गेलास. मला हे तूच छाती फुगवून सांगितलं होतंस. आता त्याच छातीतून आवाज येतो आहे तर म्हणे परीक्षेनंतर बघू. दुसऱ्यांच्या जिवाला एक न्याय आणि स्वतःच्या जिवाला दुसरा, हे कुठलं रे शहाणपण?

आणि हे सगळं मुलासाठी, असं तू म्हणू नकोस. निदान माझ्यासमोर तरी नको. माझी परीक्षा होती त्या वर्षी तू नऊ वर्षांचा होतास. ताईला त्रास द्यायचा नाही, असं आई-बाबांनी तुला बजावलं होतं. तुझा डावा कान ठणकत होता आणि तू उशीत दात रोवून पडून राहायचास. मी पलीकडच्या खोलीत घोकंपट्टी करत होते आणि मला वाटत होतं, आज बरा शांत आहे हा. कानातून पू आला तेव्हा कुठे घरात कळलं. तोपर्यंत पडदा गेला होता. माझे मार्क बघून सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. किती मिळाले होते ते आज मला आठवत नाही, कुणालाच आठवत नाही. पण आजही रस्त्यानं चालताना मी आपोआप तुझ्या उजव्या बाजूला येते. तुझी बायको येते, टिंगूसुद्धा येतो, त्याला तर कुणी शिकवलंही नाही. तू हे सगळं हसण्यावारी नेतोस, एक कान बिघडला म्हणून अर्धीच बोलणी ऐकावी लागतात, असं म्हणतोस. मला कधी हसू आलेलं नाही. माझ्यासाठी म्हणून तू कान घालवलास, पण मला विचारलं होतं का कुणी? मी म्हटलं असतं, खड्ड्यात गेली परीक्षा, आधी ह्याला दवाखान्यात न्या. ते म्हणायची संधीच कुणी दिली नाही मला. दुसऱ्याचा त्याग असा न विचारता डोक्यावर येऊन बसला की तो उतरवता येत नाही, धाकट्या. मी बावन्न वर्षांची झाले, अजून उतरलेला नाही.

आता तुझ्या त्या जिन्यातल्या उजळणीबद्दल. किती कौतुकानं सांगितलं होतंस मला! संध्याकाळी तुझी स्कूटर वाजली की टिंगू पुस्तक टाकून चार मजले धावत खाली येतो आणि तुझी हत्यारांची पिशवी उचलतो. तुला वाटलं, अभ्यास टाळायला पोरानं निमित्त शोधलं. मग तू शक्कल काढलीस, की दर मजल्यावर थांबून त्याला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. त्याची उजळणी होते, तुलाही दम खायला मिळतो आणि त्याला संशय येत नाही. एका दगडात दोन पक्षी, असं म्हणून फोनवर खो खो हसलास आणि हसता हसता तुला धाप लागली, ती मला इकडे ऐकू आली. आणि हल्ली तक्रार काय, तर पोरगं दगड आहे. पहिल्या मजल्यावर काहीतरी सांगतो, पण तिसऱ्यावर गेलं की ठोंब्यासारखा उभा राहतो, डोकं खाजवतो, चूक सांगतो, मग दुसरं चूक सांगतो. आवाज हवेतून जास्त वेगानं जातो की लोखंडातून, एवढं साधं विचारलं तर म्हणे हवेतून! लिफ्टच्या रुळाला कान लावून मोठं झालेलं पोर, आणि हवेतून म्हणतं, बापाची अब्रू घालवली. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणालास तू. मीही तेव्हा हो ला हो केलं. आता त्याची लाज वाटते.

कारण मागच्या आठवड्यात तुझा तो पालथा घडा माझ्याकडे आला होता. मित्राकडून सराव-प्रश्नपत्रिका आणतो असं तुम्हाला सांगून इकडे लाँड्रीत आला, दारातून आत यायला वाकावं लागलं त्याला. टिंगू नाव ठेवणाऱ्याचं कौतुकच केलं पाहिजे. मी त्याच्या हातात चादरीचं एक टोक दिलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही घड्या घालत राहिलो. बरीच थप्पी झाल्यावर त्यानं विचारलं, आत्या, झडप बदलताना हृदय थांबवतात का गं?

त्याला माहीत आहे, धाकट्या. केव्हापासूनच माहीत आहे. तू अंघोळीला गेला होतास आणि तुझा फोन वाजला, तो त्यानं घेतला. हॉस्पिटलातल्या बाई होत्या. मुलाच्या परीक्षेमुळे ऑपरेशन पुढे ढकलायचं म्हणाला होतात, मग आधीची तारीख दुसऱ्या पेशंटला देऊन टाकू का, असं विचारत होत्या. पोराचा आवाज फुटल्यापासून फोनवर तू कोण आणि तो कोण, हे मलासुद्धा कळत नाही. त्यानं घसा खाकरला आणि तुझ्यासारखा आवाज काढून सांगितलं, नाही, देऊ नका, कळवतो. हे तुझं दगड पोरगं. आणि त्यानंतर चार दिवसांनी त्यानं पुस्तकं भिरकावली आणि यंदा परीक्षेला बसणारच नाही म्हणाला, आठवतं? तू तासभर भाषण दिलंस, त्याची आई रडली, तू मला फोन करून म्हणालास की आळशीपणाची हद्द झाली. अरे, त्याचा हिशेब सरळ होता. परीक्षाच नसली तर बाबांना थांबायला कारण उरणार नाही. ते त्याला तोंडानं बोलता येईना, कारण त्याला कळलंय हे तुम्हाला कळलं तर तुम्ही काळजी करणार. बाप तसा बेटा! तुम्ही त्याच्यापासून लपवता, तो तुमच्यापासून लपवतो, आणि दोघांनीही शब्दात अडकवलेली मी मध्ये बसलेय. इकडे आड, तिकडे विहीर. त्यानंही जाताना माझ्याकडून शब्द घेतला ना, बाबांना सांगायचं नाही म्हणून. आज दोन्ही शब्द मोडते आहे आणि मला त्याचं यत्किंचितही वाईट वाटत नाही.

तुला एवढंच विचारते. ह्या दोन महिन्यांत तुझं काही बरंवाईट झालं, तर खापर कुणावर फुटेल? तुझ्यावर नाही, तू सुटशील. तो पोरगा आयुष्यभर म्हणत राहील, माझ्या परीक्षेपायी बाबा गेले. त्याला कोण समजावणार? मी? मला एका कानाचं समजावता आलेलं नाही. शिर सलामत तर पगडी पचास, हे आपल्या घरात सगळे म्हणत आले आणि वेळ आली की प्रत्येकानं आधी पगडीच सांभाळली. आता पुरे.

हे पत्र आमच्या धुलाईच्या गाडीवाल्याच्या हाती पाठवते आहे, तो तुमच्याच बाजूला येतो, तू घरी निघण्याआधी कामावरच तुझ्या हातात देईल. काल मी स्वतः हॉस्पिटलात जाऊन आले. येत्या गुरुवारची तारीख अजून तुझ्याच नावावर आहे, टिंगूनं धरून ठेवलेली. उद्या सकाळी हो म्हणून कळव. मी रजा टाकली आहे, बुधवारी उशी-पांघरूण घेऊन येते आणि परीक्षा संपेपर्यंत तिथेच राहते. त्याच्या अभ्यासाची चिंता तू करू नकोस. त्या दिवशी घड्या घालताना मी त्याला तुझे सगळे जिन्यातले प्रश्न विचारले. एकही चुकला नाही. लोखंडाचं विचारलं तर हसला आणि म्हणाला, आत्या, ते तर बाबांनीच मला रुळाला कान लावून शिकवलंय. मग जिन्यात का रे असं करतोस, म्हटलं, तर खाली बघून चादरीची कडा सारखी करत राहिला. मग म्हणाला, तिसऱ्या मजल्यावर बाबांच्या श्वासाची शिट्टी वाजते, ती थांबेपर्यंत मी बरोबर उत्तर देत नाही. एवढं सांगायला हे पत्र लिहिलं, बाकी सगळा माझा संताप होता. आज संध्याकाळी तो खाली येईल, पिशवी घेईल. तिसऱ्या मजल्यावर पोचलास की कठड्याला टेक आणि त्याला सांग, दमलो रे. त्याला काही विचारू नकोस. विचारलंस तर तो पुन्हा चुकीचंच उत्तर देईल.

राग अजून उतरलेला नाही, तरीही तुझीच,
ताई