देगीत आंबेच होते, असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी साहेब,
तालुका कृषी कार्यालय.

विषय: आमच्या अंगणातील देगीत बिर्याणी नसून आंबे होते, याबद्दल दाखला मिळणेबाबत.
संदर्भ: आंब्यावरील बुरशी औषधाविना रोखण्याचे आपले एप्रिलमधील प्रशिक्षण.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्ज करतो की, काढणीनंतर आंब्याला लागणाऱ्या बुरशीवर रासायनिक औषध न वापरता लवंग-दालचिनीचा अर्क घातलेल्या गरम पाण्यात फळे बुडवावीत, असे आपण सांगितले होते. मी पुढच्या रांगेत बसून मान डोलावली होती. एवढे आंबे मावतील असे भांडे आमच्याकडे एकच, लग्नकार्याची तांब्याची देग. ती गेल्या रविवारी अंगणात चुलीवर चढवली. अर्क बाजारात मिळाला नाही, म्हणून माझी पत्नी अतिया हिने अख्खी लवंग-दालचिनीच उकळली. देग समोर आली की तिचा हात ऐकत नाही. तमालपत्र, शहाजिरे व वेलची आपल्या प्रशिक्षणात नव्हती, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आमच्या मोहल्ल्यात अंगणात देग चढली की वेगळे आवतण लागत नाही. दुपारच्या नमाजानंतर माणसे अत्तर लावून आली. शेजारच्या सखुबाई नातवंडांसह आल्या. दस्तरखानही त्यांनीच अंथरले. मी झाकण काढले आणि आतून हापूस निघाले, तेही कच्चे. नजमुद्दीनने बिर्याणी लपवली, असा बोभाटा झाला. रिकाम्या हाती कसे जायचे म्हणून ज्याने त्याने आंबे उचलून नेले. सबब बुरशी लागली की नाही, याचा आपण मागितलेला अहवाल देता येत नाही. आपण घरोघर विचारून घ्यावे.

इथवर मी सोसले असते. परंतु माझी मुलगी मेहेक हिचे लग्न मुरुडला जमत आले आहे. देग चढली म्हणजे मंगनी झाली, अशी बातमी तिथे पोचली. मुलाच्या आईने फोन केला, "मेहेकची मंगनी दुसरीकडं झाली ना? मुबारक हाय. आमाला सांगायचं तरी." एवढे बोलून ठेवला. मुलगा मेहेकच्या मनात भरला आहे. ती तेव्हापासून नीट जेवत नाही, माझ्याशी बोलत नाही. साहेब, बापाला हे बघवत नाही.

मी मुरुडला जाऊन हात जोडले. सरकारी कागद दाखवाल तर शुक्रवारी मंगनीला येऊ, असे त्या म्हणाल्या. त्या दिवशी देग पुन्हा चढेल आणि तीत खरोखर बिर्याणी असेल. मात्र आता मोहल्ल्यातला एकही माणूस यायला तयार नाही. आधी झाकण काढून दाखव, म्हणतात. मंगनीला आपलीच माणसे नसली, तर मुरुडकर काय समजतील?

तरी मागच्या देगीत आंबेच होते असा सहीशिक्क्याचा दाखला द्यावा, व शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर आपल्या गाडीच्या भोंग्यावरून, या देगीत आंबे नाहीत, असे मोहल्ल्यात जाहीर करावे, ही विनंती. जेवूनच जावे.

आपला नम्र व अजूनही आज्ञाधारक प्रशिक्षणार्थी,
नजमुद्दीन हसन हुर्झुक
बोर्ली पंचतन
दि. ६ मे २०२५

सोबत:
१) प्रशिक्षणाचे पत्रक (हळदीचे डाग आमचे)
२) एक आंबा. वास घेऊन परत करावा. मुरुडकरांना दाखवायला एवढाच उरला आहे.