मळ्यातली भरीत पार्टी

धुळ्यातल्या देवपूरचे थोर कौतिकसाहेब,

भाऊजी म्हणवत नाही, म्हणून साहेब.

रविवारी धुळ्याहून तुमचे हापिसर मित्र आपल्या दोंडाईच्याच्या मळ्यात भरीत खायला आणलेत. मी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होते, धुराने डोळे गळत होते. एका मॅडमने विचारलं, "या कोण?" तुम्ही म्हणालात, "स्वयंपाकाच्या बाई. अस्सल गावरान!" लगेच त्यांनी माझा व्हिडिओ काढला. सख्खी वहिनी म्हणायला तुमची जीभ रेटली नाही. पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या, तशी तुमची अहिराणी परत आली, "वहिनी, भरीत उरेल शे का?" उरलं होतं, दिला डबा भरून. दारी आलेल्या भिकाऱ्यालाही मी रिकाम्या हाताने पाठवत नाही.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. पुढच्या पार्टीत करमणूक म्हणून वाचून दाखवाल.

एक सांगायचं राहिलं. निघताना त्या मॅडमने माझं नाव विचारलं. रत्ना पाटील म्हटल्यावर त्या हसल्या, "अय्या, साहेबही पाटीलच! तुमच्या नात्यातले का?"

मी म्हटलं, "नाही हो. आमच्या घरात असली माणसं नसतात."

स्वयंपाकाच्या बाई,
रत्ना